ताकदीचं दूध

डुकराचं रक्त काढणं हे येरागबाळ्याचं काम नाही. गाईची शीर मानेवर दिसते, शेळीची बोटाला लागते. डुकराच्या मानेवर नुसती चरबी, आणि शीर आत कुठे दडलेली ते त्यालाच ठाऊक. वर आवाज असा, की फास लावून धरलं की लांबच्या माणसाला वाटावं, इथे खून पडतोय. दीपमाला पहिल्यांदा बाभुळगावच्या नाल्याकाठच्या वस्तीत आली ती कोरे करकरीत गमबूट घालून, हातात वीस नळ्या घेऊन. दोन तासांत तिची एक नळी भरली, आणि त्यातलं थोडंफार रक्त तिच्या स्वतःच्याच बोटाचं असणार.

कांताबाई आपल्या दारात बसून हा तमाशा बघत होती. डुकरं तिचीच होती. आधी तिला राग आला, मग हसू आलं, आणि शेवटी त्या पोरीची कीव आली तेव्हा ती उठली.

"अवं बाई, धरून काय राह्यली त्याले? खाजव त्याले."

तिनं भुरी नावाच्या डुकरिणीच्या पोटाखाली हात घातला आणि नखांनी खाजवायला सुरुवात केली. भुरी थोडी डुलली, मग एका कुशीवर पडली आणि डोळे मिटून घोरू लागली. कान असा समोर पसरलेला, त्यावरची निळी शीर उघडी.

"घे आता. घाई नको करू."

तेव्हापासून दोन वर्षं हेच चाललं. दीपमाला नागपूरच्या कॉलेजातून दर तीन आठवड्यांनी यायची, कांताबाई खाजवायची, ती रक्त काढायची. दीपमाला काही परकी नव्हती. बाभुळगावच्याच बौद्ध वस्तीतली, अंगणवाडीतल्या मदतनिसाची लेक, घराण्यातली पहिली डॉक्टर. मग ती जनावरांची का असेना. पदवी झाल्यावर तिनं संशोधनाला विषय घेतला डुकरांचा. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पोरगी इतकी शिकली आणि शेवटी डुकरांत गेली, असं तिच्या मामानं चारचौघांत म्हणून दाखवलं होतं. तिच्या अभ्यासातलं एक अक्षर ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. एक कांताबाई सोडली तर.

कांताबाई ऐकायची, आणि नुसतं ऐकायची नाही, उलटतपासणी करायची. डुकरांच्या जुन्या तापाची लस असते, ती कशी चालते, हे दीपमालानं तिला समजावलं होतं. लस म्हणजे चोराचा फोटो. शरीर तो फोटो बघून ठेवतं, आणि खरा चोर आला की ओळखून धरतं.

"आन पिल्लायचं काय मंग?" कांताबाईनं विचारलं. "कालच्या पिल्लाले कोन दाखवते फोटो?"

दीपमालाला इतका आनंद झाला की विचारू नका. नेमका हाच तर तिचा विषय होता. तिनं सांगितलं, पिल्लाची ताकद आईच्या दुधातून येते. पहिल्या दिवसाचा चीक पिला की आईच्या रक्तातली ताकद पिल्लाच्या अंगात जाते.

"म्हंजे माय आपल्या अंगातली काढून देते."

"हो मावशी. तसंच."

"थे तं आमाले शिकल्याबिगर माहीत होतं," कांताबाई म्हणाली आणि भुरीला उठवायला तिच्या ढुंगणावर चापट मारली.

कांताबाईला मूल एकच, पायल. नवरा गेल्यावर डुकरांवर तिनं पोरीला वाढवलं, पांढरकवड्याच्या पुढे महामार्गालगतच्या एका वस्तीत दिलं. त्यांच्या लोकांत लेक सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत घरची एक डुकरीण जाते. ही नुसती आंदणाची रीत नाही. माहेरच्या घरावर उद्या रोगराई आली, सगळं बसलं, तर लेकीच्या घरून एक पिल्लू माघारी येतं. लेकीचं बसलं तर आईच्या घरून जातं. घरचं बी असं दोन ठिकाणी ठेवायचं, म्हणजे ते बुडत नाही. कांताबाईच्या आजीपासून हे बी चालत आलेलं होतं, आणि गावं किती बदलली, झोपड्या किती वेळा उठल्या, तरी ते बुडालं नव्हतं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर वस्तीत डुकरं मरायला लागली. कुठल्या तरी मंगल कार्यालयाचं उरलंसुरलं अन्न आणलं होतं, त्यातून आलं असावं. नक्की कोणी सांगू शकलं नाही. कान जांभळे पडायचे, पोटावर डाग, जनावर थरथरत भिंतीला टेकायचं आणि दुसऱ्या दिवशी आडवं. दुसरं डुक्कर उघडून बघितल्याबरोबर दीपमालानं ओळखलं. हा जुना ताप नव्हता. हा आफ्रिकेतून आलेला. माणसाला याचं काही होत नाही, पण डुकराला याच्यावर औषध नाही आणि आपल्याकडे लसही नाही. तिची दोन वर्षांची वही या रोगापुढे रद्दी होती.

अकरा दिवसांत कांताबाईची तेरा मोठी डुकरं गेली, भुरीची सात पिल्लं गेली. कांताबाई स्वतः खड्डे खणत होती. रडत नव्हती. प्रत्येक डुकराला नावानं हाक मारून चुना टाकत होती, आणि ते बघणं तिच्या रडण्यापेक्षा वाईट होतं.

भुरी मात्र मेली नाही. सहा दिवस तापानं फणफणली, तोंडाला फेस आला, कांताबाईनं तिच्यासाठीही खड्डा खणून ठेवला. सातव्या दिवशी ती उठली आणि बादलीतलं पाणी प्यायली.

दीपमालानं तिचं रक्त घेतलं. एक नळी मोठ्या सरकारी प्रयोगशाळेला जायची होती, तिचा निकाल यायला आठ दिवस. दुसऱ्या नळीतले दोन थेंब तिनं पेटीतल्या तपासणीच्या एका पट्टीवर टाकले. दोन रेघा उमटल्या.

"पोटुशी हाय का?" कांताबाईनं विचारलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती हसली होती.

दीपमालाला राहवलं नाही. माणूस दोन वर्षं नळ्या भरतो, आणि एक दिवस त्याला हवं ते डोळ्यांसमोर उभं राहतं, तेव्हा जिभेला लगाम कुठला? तिनं कांताबाईचे दोन्ही हात धरले.

"मावशी, इच्या रक्तात ताकद आली वं! हा रोग आता इचं काई वाकडं करू शकत नाई. लाखात एक हाय भुरी."

हे खरं होतं. पण अर्धं. उरलेलं अर्धं असं, की या रोगातून उठलेलं जनावर स्वतः धडधाकट दिसतं, पण रोगाचे जंतू त्याच्या अंगात कित्येक आठवडे राहू शकतात आणि शेजारच्या जनावराला लागू शकतात. दीपमालाला ते माहीत होतं. एका परदेशी लेखात तिनं त्या वाक्याखाली लाल रेघसुद्धा मारली होती. पण पेटीतला बर्फ विरघळत चालला होता, यवतमाळची गाडी यायला वीस मिनिटं होती, आणि ती आनंदात होती. निघता निघता ती एवढंच म्हणाली, "मावशी, इले बाहेर सोडू नको."

"नाई सोडत," कांताबाई म्हणाली.

आठव्या दिवशी निकाल आला. रोग तोच. नियम असा की जिथे रोग सापडला तिथून किलोमीटरभरातली सगळी डुकरं मारून पुरायची. दीपमाला सरकारी पथकासोबत आली, सोबत तिचे कॉलेजातले सरही होते. रस्ताभर ती मनाशी घोकत होती, की भुरीला अभ्यासासाठी ठेवून घ्या असं सरांना कसं सांगावं, आणि नाहीच ऐकलं तर कांताबाईला कसं सांगावं.

गोठा रिकामा होता. कांताबाई दारात, केस विंचरलेले, तोंडावर समाधान.

"भुरी कुठं हाय मावशी?"

"म्या बाहेर सोडलीच नाई. तू गेली का नाई, त्याच दिशी टेम्पो केला, आन बांधून नेली पायलच्या घरी."

कांताबाई सांगतच होती, आवाज खाली करून, एखादी चांगली बातमी दोघींतच ठेवावी तशी.

"पायलची डुकरीण व्यायली ना. नऊ पिल्लं. म्हटलं, इकडून रोग तिकडं जाईनच, आज नाई तं उद्या. आन भुरीच्या अंगात ताकद हाय, थानात दूध हाय, पिल्लं तं तिची गेली. थे नऊच्या नऊ लावले तिच्या थानाले. इतके गुमान पेले दीपा, का पाहात राहावं. आता नाई बी बुडत माहं."

दीपमाला तिथेच मातीत बसली. तिच्याकडे बघता बघता कांताबाईचा चेहरा हळूहळू उतरला. तिला काही सांगावं लागलं नाही. डुकरांत जन्म गेलेल्या बाईला एवढं समजत होतं.

पांढरकवड्याच्या वस्तीत ते सगळे पोचले तेव्हा दुपार होती. नऊतली तीन पिल्लं सकाळीच मेली होती, उरलेली भुरीच्या पोटाशी एकावर एक पडून कापत होती. भुरी घोरत होती. पायलच्या आंदणाच्या डुकरिणीचे कान जांभळे पडायला लागले होते. पायल सहा महिन्यांची पोटुशी, कमरेवर हात ठेवून दारात उभी. तिचा सासरा उकंडा अंगणात येरझारा घालत होता आणि वस्तीतली माणसं कुंपणाबाहेर जमली होती. किलोमीटरभरात त्यांचीही डुकरं होती, पंचेचाळीस. त्यातल्या एकालाही अजून काही झालेलं नव्हतं.

पथकाच्या साहेबांनी कागद काढला आणि विचारलं, "आजारी घरातलं जनावर इथं आणायला कोणी सांगितलं?"

सर दीपमालाच्या शेजारीच उभे होते. तिनं तोंड उघडलं तर प्रबंध गेला, कदाचित कॉलेजही गेलं, हे तिच्या डोक्यात त्या क्षणी आलं. आणि ते आलं याची तिला पुढे कायम लाज वाटत राहिली.

तेवढ्यात कांताबाई पुढे झाली.

"कोनं नाई सांगतलं साहेब. डाक्टरीणबाईनं तं नाई म्हणतलं होतं. इले हलवू नको म्हणे. म्याच नाई आयकलं. माही मस्ती."

साहेबांनी लिहून घेतलं. उकंडानं ऐकलं, पायलनं ऐकलं, कुंपणाबाहेरच्या वस्तीनं ऐकलं. दीपमालानं फक्त खाली बघितलं. लाज वाटून कोणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही; तिच्या लाजेनंही त्या दिवशी कोणाचं झालं नाही.

उकंडाची आणि वस्तीतली सगळी डुकरं मारून पुरली, आणि भुरीला सगळ्यांत शेवटी मारलं. तिला धरायला माणसं गेली तशी ती किंचाळायला लागली. कांताबाई गेली, पोटाखाली खाजवलं, भुरी कुशीवर पडली. सुई देणारा मुलगा कांताबाईला म्हणाला, आजी बाजूला व्हा. ती झाली नाही.

त्यानंतर पायलनं आईचा फोन उचलणं बंद केलं. उकंडानं निरोप धाडला, की आमच्या दारी पाय ठेवायचा नाही. वस्तीनं उकंडाशी बोलणं टाकलं होतं, कारण त्याच्या विहिणीनं पंचेचाळीस डुकरं खाल्ली. जो तो आपल्या खालच्यावर राग काढत होता, आणि सगळ्यांच्या खाली कांताबाई होती. तिनं त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. डुकरं गेल्यावर ती लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. तिचं एकच लागून राहिलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सातवा संपला की पोरीला आणायचं. तिनं बाज विणून घेतली, डिंक आणून ठेवला, जुनी लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवली. दीपमाला येईल तेव्हा ती एकेक वस्तू काढून दाखवायची आणि पुन्हा ठेवायची.

"येईन ना वं पायल?" ती विचारायची. "पहिलटकरीण हाय. तिले कायी समजत नाई."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दीपमालाला ते सोसेना. "मावशी, उद्या आपण जाऊ," ती म्हणाली. "मी सांगतो त्यायले. माह्या तोंडानं सांगतो."

"काय सांगतं तू? काई नको सांगू. तू फक्त संगं चाल. तू असली का दारात तं उभं करतीन."

बैल गेला आणि झोपा केला, असं दीपमालाचे सर म्हणाले असते. पण झोपा तरी करायचाच असं तिनं ठरवलं होतं. सरांना तिनं आदल्या दिवशीच सगळं लिहून कळवलं होतं. त्याचं काय व्हायचं ते होवो.

उकंडाच्या अंगणात दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर तो स्वतः बसला, दुसरी त्यानं दीपमालाकडे सरकवली. कांताबाई कुंपणाच्या आत आली, पण अंगणाच्या कडेला, रिकाम्या गोठ्याच्या मेढीजवळ उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही. पायल आतून आली. पोट पुढे आलेलं, चेहरा सुजलेला. तिनं आईकडे एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही.

दीपमाला बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"दादा, त्या दिवशी मावशी खोटं बोलली. मी तिले हलवू नको म्हणतलंच नव्हतं. मीच म्हणतलं होतं का भुरीच्या अंगात ताकद हाय. दुधातून ताकद जाते हेई मीच शिकवलं. रोग दुसऱ्याले लागू शकते, हे मले माहीत होतं, थे मी सांगतलं नाई. चूक माही हाय. मावशीची नाई. पायलले बाळंतपणाले पाठवा."

उकंडा ऐकत होता. त्याचे डोळे हळूहळू ओले झाले, आणि दीपमालाला वाटलं, पोचलं. उकंडा उठला आणि त्यानं तिला हात जोडले.

"मॅडम, तुमी लय मोठ्या मनाच्या. एवढ्या शिकलेल्या, आन एका डुकरंवालीसाठी सोताच्या अंगावर घेऊन राह्यल्या."

"मी खरं सांगून राह्यली दादा!"

"समजते मले. गरिबाची दया येते तुमाले. पन तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं ना साहेबासमोर. कागदावर अंगठा हाय तिचा."

दीपमाला पायलकडे वळली. हिला तरी पटेल. ही तिची लेक, हिला आईची खोड माहीत असणार. "पायल, तू तरी सांग. तुही माय माह्यासाठी खोटं बोलली."

पायलनं मान हलवली. रडत नव्हती ती. तिचा चेहरा अगदी कोरडा होता.

"माही माय जल्मात खोटं बोलली नाई मॅडम," ती म्हणाली. "बाप मेला तेव्हाई मले खरं सांगतलं तिनं, आठ वर्साची होती मी तं. थे जे म्हणते थे खरंच असते." मग ती आईकडे वळली. "मॅडमचं तरी आयकाचं होतं वं माय. एवढं नाई म्हणतलं होतं त्याईनं."

कांताबाईनं मेढीचा आधार घेतला. दीपमाला तिच्याकडे बघत राहिली, की आता बोलेल, आता तरी बोलेल. एक शब्द, आणि लेक घरी येईल. पण तो शब्द बोलायचा म्हणजे पोरीला सांगायचं, की मी खोटं बोलते. पायलच्या बोलण्यात आईबद्दल एवढी एकच चांगली गोष्ट उरली होती, आणि कांताबाई ती मोडायला तयार नव्हती.

"हो वं बाई," ती म्हणाली. "चुकलं माहं."

"मी इथंच बाळंत होईन. सासू हाय." पायल आत गेली. थोड्या वेळानं ती एक कप चहा घेऊन आली, एकच, आणि तो दीपमालाच्या हातात दिला. उकंडानं खुर्ची पुन्हा तिच्याकडे सरकवली, आग्रहानं, मान देऊन, आणि या खेपेला ती बसली. तिचं खरं बोलणं इथे तिचा मोठेपणा झालं होतं. कांताबाईच्या खोट्यानं कांताबाईचं घर बसलं होतं. यातलं काहीही आता कोणाला समजावून सांगता येणार नव्हतं. चहावर साय धरत होती.

मेढीजवळून कांताबाई तिच्याकडे बघत होती. पोरीच्या हातचा चहा आहे, परत गेला तर पोरीला वाईट वाटेल, एवढीच काळजी तिच्या डोळ्यांत होती.

"पेऊन घे दीपा," ती हळूच म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

दीपमालानं तो चहा प्यायला.